काडतूस : जुनें आणि नवें

'थ्री-नॉट-थ्री' हें नांव ज्याच्या कानांवरून गेलें नाहीं असें घर या देशांत विरळाच. पोलिसाच्या खांद्यावरील बंदुकीनें तें सर्वतोमुखीं केलें. वस्तुतः हें नांव मुळांत बंदुकीचें नसून काडतुसाचें आहे. ब्रिटिश सैन्यानें तें १८८८ सालीं स्वीकारलें. त्याची जागा पुढें घेणारें ७.६२ मिलिमीटरचें काडतूस 'नाटो' राष्ट्रांनीं १९५४ सालीं मान्य केलें. .३०३ इंच म्हणजे सुमारें ७.७० मिलिमीटर, तेव्हां मापांतील अंतर अक्षरशः केसाएवढें. तथापि एकाचें काडतूस दुसऱ्याच्या बंदुकीस चालत नाहीं.

जुन्या काडतुसाच्या बुडाशीं बाहेर आलेली कड असते. ती नळीच्या मागील तोंडाशीं टेकून काडतुसास नेमक्या जागीं रोखते. परंतु काडतुसें एकावर एक रचावयाचीं झालीं म्हणजे वरच्याची कड खालच्याच्या कडेमागें अडकण्याचें भय असे. 'ब्रेन' बंदुकीची काडतूसपेटी वांकडी करावी लागली ती याच कडेपायीं. नव्या काडतुसाची कड अंगाबाहेर येत नाहीं. तें आपल्या खांद्यावर टेकतें. शिवाय सुधारलेल्या दारूमुळें ५६ मिलिमीटर लांबीच्या पितळी कवचाचें काम ५१ मिलिमीटरांत भागलें.

आतां बळाचा हिशेब पाहावा. १९१० सालची .३०३ ची टोंकदार गोळी १७४ ग्रेन वजनाची. ती सेकंदास सुमारें २४४० फूट वेगानें सुटते. नवी गोळी सुमारें १४७ ग्रेनांची आणि तिचा वेग सुमारें २७५० फूट. गणित करून पाहिलें असतां नवीची शक्ति शेंकडा सातांच्या आसपासच अधिक भरते.

मग अंतर कशांत? १९६२ सालीं हिमालयांत चिनी सैन्याशीं झुंजणाऱ्या भारतीय जवानांच्या हातीं बहुतांशीं .३०३ च होती. ती गोळी दुबळी नव्हती. परंतु दर गोळीगणिक बोल्ट हातानें मागेंपुढें करावा लागे. शत्रु अंगावर येत असतां तेवढा क्षणहि महाग पडतो. नंतर ईशापूरच्या कारखान्यांत होऊं लागलेल्या ७.६२ च्या स्वयंभरणी रायफलींत तें काम गोळीमागील वायूच करीत असे. कडेविना असलेलें काडतूस अशा यंत्रास अधिक मानवतें.

२००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला, तेव्हां कांहीं पोलिसांजवळ .३०३ च होती. हल्लेखोरांच्या काडतुसाचेंहि माप ७.६२ च, परंतु त्याचें कवच अवघें ३९ मिलिमीटर आणि शक्ति.३०३ च्या सुमारें दोन-तृतीयांश. तरी त्यांची बंदूक अखंड चालत होती, आणि पोलिसास प्रत्येक गोळीसाठीं थांबावें लागत होतें.

तात्पर्य, काडतुसावरील आंकडा केवळ नळीची रुंदी सांगतो. रक्षकाच्या हातीं शस्त्र देतांना त्याला दुसरी गोळी किती लवकर झाडतां येईल, हेंहि देणारानें पाहिलें पाहिजे. त्यांतील उणीव शौर्यानें भरून काढण्याची पाळी शिपायावर येऊं नये.