‘ओन्ली’ आणि आपला ‘च’



इंग्रजीतले ‘ओन्ली’ हे अव्यय आपण शाळेत लवकर शिकतो, ‘ओन्ली म्हणजे फक्त’ असे घोकतो आणि पुढे जन्मभर त्याच्याकडे वळून पाहत नाही. वस्तुतः या चिमुकल्या शब्दाचे काम कुंपण घालण्याचे आहे. ते कशाभोवती घातले, यावर सारा अर्थ अवलंबून.

मराठीत हे काम बहुधा ‘च’ करतो. तो ज्या शब्दाला चिकटतो, त्यालाच आवळतो. आपल्या गावचेच उदाहरण घ्या. ‘माउलींची पालखी वेळापुरात थांबतेच’ म्हटले की आषाढी वारीचा नेम सांगितला. ‘माउलींचीच पालखी’ म्हटले की इतर साऱ्या पालख्या वगळल्या. आणि ‘वेळापुरातच थांबते’ असे म्हणाल, तर माळशिरसकर भांडायला येतील. त्यांचे खरेही आहे, मुक्काम तिथेही असतो!

इंग्रजाचा ‘ओन्ली’ सुटा. तो पुष्कळदा क्रियापदाआधी बसवायचा आणि रोख आवाजाने दाखवायचा, अशी त्यांची बोलण्याची रीत. कागदाला आवाज नसतो. म्हणून अठराव्या शतकापासून तिकडचे व्याकरणकार या शब्दाच्या जागेवरून वाद घालीत आले आहेत.

आपली अडचण निराळी. १९६४ च्या अधिनियमाने मराठी महाराष्ट्राची राजभाषा झाली खरी, पण मसुदा इंग्रजीत असला की भाषांतरकार ‘ओन्ली’ दिसताच ‘फक्त’ ठेवतो, आणि हात पडेल तेथे ठेवतो. ‘फक्त अल्पभूधारकांना बियाणे मिळेल’ या वाक्याने मोठा बागाईतदार रांगेबाहेर गेला. ‘अल्पभूधारकांना फक्त बियाणे मिळेल’ म्हटले, तर लहान शेतकऱ्याचे खत गेले. ‘अल्पभूधारकांनाच’ लिहिले असते तर तंटाच नव्हता.

उलट बाजूनेही घोटाळा होतो. ‘उद्याच येतो’ यात आपण आश्वासन देतो. त्याचे ‘टुमॉरो ओन्ली’ केले, की इंग्रजाला वाटते, हा गृहस्थ उद्याखेरीज कधी यायचाच नाही.

राहिला धनादेशावरचा ‘रुपये पाचशे फक्त’. तिथे ‘थोडेच’ असा भाव नाही. पाचशेपुढे कोणी ‘पन्नास’ जोडू नये म्हणून घातलेला तो अडसर आहे. शब्द मूळचा अरबी. मजकूर संपला हे दाखवायला उर्दू पत्राच्या अखेरीस ‘फकत’ लिहीत. तेव्हा तो रकमेला लागूनच लिहायचा. मध्ये दोन बोटे जागा सुटली, तर त्याचा काही उपयोग नाही.