मोहाखालची पहाट

उन्हाळा लागला की गोंडपिपरी तालुक्यात पहाटेच टोपल्या घेऊन माणसं रानात निघतात. मोहाची फुलं रात्री उमलतात. वटवाघळं त्यांचं परागीभवन करतात आणि उजाडेपर्यंत मांसल, गोड फुलांचा सडा पडतो. ही फुलं तोडायची नसतात, वेचायची. वाळवली की वर्षभर टिकतात. पुढे बियांचं तेल निघतं. मोहाला नुसत्या दारूवरून ओळखणं हा या झाडावर अन्याय आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने मोहफुलांसारख्या गौण वनोपजावर वननिवासींचा हक्क मान्य केला. २०२१मध्ये राज्याने मोहफुलांवरचे निर्बंध सैल केले.

एक कळकळीची विनंती. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवू नका, जुनं लुगडं अंथरा. अन् अस्वलालाही मोह आवडतो. अंधारात एकटे जाऊ नका.