नव्या घराची धूळ



तात्यासाहेब कोरे यांनी सहकारातून उभारलेल्या या वारणानगरात मोठमोठ्या विषयांवरची व्याख्याने आपण ऐकली असतील. आम्ही आज धुळीवर बोलणार आहोत, आणि तीही घरबांधणीच्या. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै, या दोन महापुरांनी वारणाकाठच्या किती मातीच्या भिंती खचवल्या, हे आपणांस सांगायला नको. त्यांच्या जागी विटासिमेंटाची घरे उठली. आता घर पुरे झाले की काय होते? गवंडी संध्याकाळी थापी धुऊन जातो, वास्तुशांतीचा मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा असतो, आणि मधल्या रात्री घरातल्या बायका पदर खोचून, हाती केरसुणी घेऊन खोल्या झाडू लागतात. आमची तक्रार आहे ती या रात्रीविषयी.

डोळ्यांना दिसणारी धूळ फारशी वाईट नव्हे. ती नाकातच अडते. खरी धास्ती आहे ती न दिसणाऱ्या धुळीची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दगडाचा दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत दहा फूट खाली यायला सहा-सात मिनिटे घेतो. एक मायक्रॉनच्या कणाला तेवढ्याच अंतराला सुमारे दहा तास लागतात! म्हणजे रात्री नऊला झाडलेली खोली सकाळी सातलाही पुरती बसलेली नसते. हेच बारीक कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. कोरडी केरसुणी धूळ काढत नाही. खालची धूळ वर पाठवते, इतकेच. अंगण झाडण्यापूर्वी पाणी शिंपडणाऱ्या आमच्या आज्यांना मायक्रॉन ठाऊक नव्हता, पण त्यांची रीत बरोबर होती.

आपला सह्याद्रीचा काळा पाषाण या बाबतीत सज्जन आहे. त्यात सुटी गारगोटी जवळजवळ नसते. पण लाल-करड्या ग्रॅनाईटमध्ये ती साधारण पाव भाग असते, आणि ओट्यासाठी तो दगड घरातच यंत्राने कापला की तिचे पीठ होते. कोलारच्या सोन्याच्या खाणीतील कामगारांच्या छातीत हेच पीठ वर्षानुवर्षे साठून सिलिकोसिस झाला. कारखान्यात घडवलेल्या कृत्रिम क्वार्ट्‌झ दगडात तर गारगोटी याहून कितीतरी जास्त. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. दोन दिवसांच्या झाडलोटीने घरमालकाला सिलिकोसिस होत नाही, उगाच भिववण्यात अर्थ नाही. दम्याच्या माणसाला मात्र तेवढीही पुरते. आणि जो कारागीर रोज फरशी कापतो, त्याचे काय? पात्यावर पाण्याची धार धरायला सांगावे, आणि कापाकापी अंगणात करवून घ्यावी. तोंडाला बांधलेल्या रुमालातून बारीक धूळ आरपार जाते. त्याला एन-९५ मुखपट्टी द्यावी.

सफाई वरून खाली करावी: आधी पंख्याची पाती, माळा, खिडक्यांचे गज, शेवटी जमीन. पाती पुसल्याशिवाय पंखा लावू नये. मोठा ढिगारा फावड्याने अलगद पोत्यात भरावा. उरलेल्यावर ओलसर लाकडी भुसा पसरून मगच झाडावे आणि नंतर पिळलेल्या फडक्याने पुसावे. बादलीभर पाणी ओतू नये. सिमेंट अजून जिवंत असते, फरशीवर त्याचा थर बसतो. हातात रबरी मोजे हवेत, कारण ओले सिमेंट कातडी जाळते. बादलीतला गाळ खाली बसू द्यावा आणि तो न्हाणीच्या मोरीत ओतू नये, नाहीतर पुढच्या महिन्यात प्लंबर बोलवावा लागेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसावे, कारण रात्रभर खाली आलेली धूळ त्या दिवशी सापडते. तेव्हा मुहूर्त दोन दिवस पुढचा पाहावा. भटजींची त्याला हरकत असेल असे आम्हांस वाटत नाही.

जुन्या घराची डागडुजी असेल तर आणखी जपावे. घरगुती रंगातील शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा घालणारे नियम २०१६ चे आहेत. त्याआधीच्या तैलरंगात शिसे असू शकते. तो कोरडा खरवडू नये, ओला करून काढावा, आणि रांगते मूल तोवर शेजारी ठेवावे. ॲस्बेस्टॉसचे सिमेंटी पत्रे करवतीने कापू नयेत, फोडूही नयेत. भिजवून सबंध उतरवावेत. फरशीवरचे डाग काढायला ॲसिड आणलेच, तर त्याच्या जवळपास ब्लीचिंग पावडर येऊ देऊ नये. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरातून माणसाला बाहेर पडायलाही सवड मिळत नाही.