मिसळणारे द्रव, न मिसळणारे द्रव

लोणच्याच्या बरणींत तेल वर आणि खार खालीं राहतो. श्रोत्यांच्या घरांतील हाच देखावा तेलाच्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर दिसतो. भुईमूग व सरकी हीं खानदेशचीं जुनीं पिकें. यंत्रांत दाबून तेल काढल्यावरही पेंडींत शेंकडा ६ ते ८ भाग तेल उरतें. खनिज तेलापासून निघणारें हेक्झेन पेंडींतून झिरपविलें, कीं तें शेंकडा एकाहून खालीं येतें. पुढें वाफ देऊन हेक्झेन उडवितात व निववितात. टांकींत पाणी तळाशीं बसतें, हेक्झेन वर तरंगतें आणि पुनः कामीं येतें. पेटलेल्या हेक्झेनवर पाण्याची बादली ओतणें मात्र घातक. आग पाण्यावर स्वार होऊन पुढें सरकते.

हेक्झेन व मेथेनॉल यांची गंमत अधिक आहे. पौषांतल्या सकाळीं धुळ्यास हीं दोन्ही सारख्या मापानें एका नळींत घातलीं, तर दोन थर दिसतात. वैशाखांत जळगांवचा पारा कधीं कधीं ४५ अंशांवर जातो. त्या दुपारीं तीच नळी स्वच्छ, एकजीव. सुमारें ३५ अंशांच्या वर तीं कोणत्याही प्रमाणांत मिसळतात. पुस्तकांतील कोष्टकें बहुधा २० ते २५ अंशांचीं असतात. खानदेशचा उन्हाळा त्यांच्या कर्त्यांच्या स्वप्नांतही नसावा.

एकजीव झालेल्या द्रवांचें पटतेंच, असें मात्र समजूं नये. ॲसिटोन व क्लोरोफॉर्म मोठ्या खुषीनें मिसळतात. मिश्रण जरा कोमट होतें इतकेंच. त्यांत कॉस्टिक सोडा किंवा पोटॅश गेला, कीं तें एकदम तापून उसळतें आणि बंद बाटली फुटूं शकते. १९९० सालीं जळगांवास विद्यापीठ झालें. तेथें काय किंवा धुळ्याच्या महाविद्यालयांत काय, वापरलेले द्रावक रोज टाकावे लागतात, आणि सगळे एकाच डब्यांत ओतण्याचा मोह सहज होतो. क्लोरोफॉर्मचा डबा निराळा ठेवणें ही तेथें जिवाची गोष्ट आहे.

ईथर तर ३५ अंशांसच उकळतें. मे महिन्यांत त्याची बाटली थंड जागीं नसेल, तर बूच उडतें. शिवाय हवा व उजेड लागून त्यांत स्फोटक परॉक्साइडें सांचतात. तीं ईथरबरोबर उडून जात नाहींत, आटवितांना तळाशीं गोळा होतात. म्हणून बाटली उघडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहितात आणि जुनें ईथर आटविण्यापूर्वीं पोटॅशियम आयोडाइडनें तपासतात. पिवळा रंग आला, कीं तें विस्तवाजवळ नेत नाहींत.