रस्त्याची नोंदवही



जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गाने वऱ्हाडचे नाव जगभर नेले. 3 ते 7 जून या काळात 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरची एक मार्गिका डांबरीकरणाने अखंड पूर्ण झाली. याआधीचा विक्रम कतारमधील सुमारे 25 किलोमीटरचा होता. हा पराक्रम गौरवास्पदच आहे. परंतु रस्त्याची खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यांत होते.

वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कपाशीला माउली असणारी हीच माती रस्त्याला मात्र वैरीण ठरते. नाली तुंबली की पाणी खालच्या थरात मुरते, आधार खचतो आणि खड्डा पडतो. नळासाठी खोदलेला चर नीट दाबून न भरल्यास तेच घडते.

रस्त्यांची निर्मिती व देखभाल हे महानगरपालिकेचे कायद्याने बंधनकारक कर्तव्य आहे. अमरावतीस महानगरपालिका 1983 मध्ये मिळाली, अकोल्यास 2001 मध्ये. नगर भूमापनाचा नकाशा मिळकतींच्या हद्दी सांगतो. रस्त्याखालचा नळ किती खोल, नाली कोठे वळते, दिवा व सिग्नल कधी तपासला, डांबर कधी पडले, यासाठी प्रत्येक रस्त्याची स्वतंत्र नोंदवही हवी. प्रत्येक खोदकामानंतर ती अद्ययावत व्हावी.

या नोंदींच्या अभावाची किंमत पावसाळी रात्री पाण्याखालचा खड्डा न दिसलेला दुचाकीस्वार मोजतो. आपल्या गल्लीची नोंद प्रत्येक नागरिकाने आवर्जून मागावी. पाच दिवसांत विक्रम घडविणाऱ्या वऱ्हाडाला वर्षभराची निगा अवघड नाही.