नाळ, पू आणि पांढऱ्या पेशींची वाटचाल

(हीरक महोत्सवानिमित्त देवराज मोहल्ला, म्हैसूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



घरात बाळ जन्मले की वडीलधाऱ्या स्त्रियांचे लक्ष त्याच्या नाळेकडे असते. बेंबीपाशी उरलेला नाळेचा तुकडा सुकतो आणि बहुधा एक-दोन आठवड्यांत, म्हणजे बारशाच्या सुमारास, गळून पडतो. क्वचित एखाद्या बाळाची नाळ तीन-चार आठवडे उलटले तरी पडत नाही. बेंबी लाल होते, सुजते, परंतु पू धरत नाही. पू नाही म्हणून घरच्यांना हायसे वाटते. वास्तविक तेच चिंतेचे कारण असू शकते. पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी झुंजून मेलेल्या पांढऱ्या पेशी. संसर्ग असूनही पू नसणे, याचा अर्थ त्या पेशी तेथवर पोचल्याच नाहीत असा होऊ शकतो. सुकलेली नाळ सुटी करण्याच्या कामातही याच पेशींचा हात असतो.

पेशी शरीरात चालत जातात, ही कल्पना फार जुनी नाही. 1882 साली सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचे काटे टोचले आणि भटक्या पेशी काट्याभोवती गोळा होताना पाहिल्या. या दिशेच्या संशोधनासाठी त्यांना 1908 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी चालते कशी, याचा उलगडा मात्र पुढे कित्येक दशकांनी झाला.

दसऱ्याच्या मिरवणुकीत सयाजीराव रस्त्यावरच्या लोंढ्यातून एखाद्याला कडेच्या दुकानात शिरायचे असेल, तर त्याला आधी कडेला यावे लागते, मग खांब घट्ट धरावा लागतो आणि नंतर अंग चोरून आत शिरावे लागते. रक्ताच्या प्रवाहातील पांढऱ्या पेशीलाही हेच तीन टप्पे पार करावे लागतात. जखमेजवळ रक्तवाहिनीच्या आतील भिंतीवर सिलेक्टिन नावाचे रेणू उभे राहतात. पेशीच्या अंगावरच्या विशिष्ट शर्करा त्यांत अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. त्यामुळे पेशीचा वेग मंदावतो आणि ती भिंतीवरून घरंगळू लागते. दुसऱ्या टप्प्यात इंटिग्रिन नावाचे ग्राही भिंतीला पक्के धरतात. तिसऱ्यात पेशी चपटी होऊन भिंतीतून पलीकडे जाते.

इंटिग्रिन हे नाव 1986 साली रिचर्ड हाइन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केले. या रेणूचे डोके पेशीबाहेर असते आणि शेपूट आत. आत पेशीचा सांगाडा असतो, परंतु तो हाडांसारखा कायमचा नसतो. अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे पुढच्या बाजूला सतत विणले जातात आणि मागे उसवले जातात. पुढे वाढणारे धागे पेशीचे आवरण पुढे रेटतात. पण धाग्यांना बाहेरच्या पृष्ठभागाचा आधार नसेल, तर ते जागच्या जागी मागे घसरत राहतात. चिखलात रुतलेले चाक नुसते फिरावे, तसे. टॅलिन आणि किंडलिन ही प्रथिने इंटिग्रिनच्या शेपटीला धरतात. त्यामुळे इंटिग्रिनची बाहेरची पकड घट्ट होते आणि टॅलिन तिची सांधेजोड अ‍ॅक्टिनशी करून देते. मग धाग्यांचा रेटा पेशीला पुढे नेतो. मागच्या बाजूला मायोसिन आकुंचन घडवते आणि जुनी पकड सुटते. पकड कधीच सुटली नाही तरी पेशी अडकून पडेल. म्हणून धरणे आणि सोडणे, दोन्ही वेळेवर व्हावे लागते.

या साखळीची एकेक कडी तुटली तर काय होते, हे तीन दुर्मीळ आनुवंशिक आजारांनी दाखवले. पहिल्यात इंटिग्रिनचा एक घटक नीट बनत नाही. रक्तात पांढऱ्या पेशींची संख्या पुष्कळ असते, पण जखमेत त्या जवळजवळ नसतात. तिसऱ्यात इंटिग्रिन बनते, किंडलिन मात्र सदोष असते. मूठ आहे, पण ती आवळत नाही. रक्त गोठवणाऱ्या बिंबिकाही इंटिग्रिनवर अवलंबून असल्याने या मुलांना रक्तस्रावाचाही त्रास होतो.

दुसऱ्या आजाराचा धागा मुंबईशी जुळतो. 1952 साली डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. तोच ‘बॉम्बे रक्तगट’. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ‘एच’ हा मूळ पदार्थच नसतो. ‘ओ’ गटाचे रक्तही त्यांना चालत नाही. एरवी त्या पूर्ण निरोगी असतात. मात्र 1992 साली इस्रायलमधील दोन मुलांत हाच रक्तगट आणि वारंवार होणारे संसर्ग एकत्र आढळले. त्यांच्या शरीरात फ्यूकोज ही शर्करा योग्य जागी पोचतच नव्हती. त्यामुळे ‘एच’ही बनत नव्हता आणि सिलेक्टिनला अडकणारी शर्कराही. रक्तगटाच्या चाचणीतून पेशींच्या चालण्याचे कोडे सुटण्यास मदत झाली.

हे तिन्ही आजार अप्रभावी जनुकांमुळे होतात. आई आणि वडील दोघेही निरोगी वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता 25 टक्के असते. जवळच्या नात्यातील विवाहात दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो. मामाची मुलगी करण्याची रीत मराठी घरांत आहे, मामा-भाचीचे विवाह कर्नाटकात होत आले आहेत. कोणत्याही घराला दोष देण्याचा हेतू यात नाही. लग्न ठरवण्यापूर्वी, आणि घरात एखादे तान्हे मूल वारंवार संसर्गाने दगावले असेल तर विशेषच, आनुवंशिकता-सल्ला घेणे हिताचे आहे.

मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत या आजारांचे निदान होते. रक्ताच्या थोड्याशा नमुन्यात पांढऱ्या पेशींवर इंटिग्रिन आहे की नाही, हे फ्लो सायटोमेट्रीने कळते. वेळेवर निदान झाल्यास पहिल्या व तिसऱ्या प्रकारात अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा उपाय आहे; दुसऱ्या प्रकारातील काही मुलांना तोंडावाटे फ्यूकोज देऊन गुण आला आहे.

नाळ उशिरा पडणाऱ्या बहुतेक बाळांना यांपैकी काहीच नसते, हेही लक्षात असावे. परंतु महिना होत आला तरी नाळ पडली नसेल, किंवा त्याआधीच बेंबी लाल होऊन सुजली असेल, तर तिला हळद, राख वा तेल लावत बसू नये. बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे आणि नाळ कितव्या दिवशी पडली अथवा पडली नाही, हे न विसरता सांगावे. आजीने बोटांवर मोजलेले ते दिवस डॉक्टरांच्या फार उपयोगाचे असतात.