वस्तीलगतचं अस्वल आणि नवा शिकारी



आज मी न्यू जर्सीबद्दल बोलणार आहे. या सभागृहातल्या अनेकांचा मुलगा, भाची किंवा शेजारी तिथे असेल. एडिसन, जर्सी सिटी, पार्सिपनी ही नावं आपल्या घरांत आता परकी राहिलेली नाहीत. पण ज्या पार्सिपनीत संध्याकाळी मराठी मंडळी फिरायला निघतात, तिथल्या घरांमागच्या झाडीतून काळं अस्वलही फिरतं, हे इथे बसून पटणं कठीण आहे. अमेरिकेतल्या सर्व राज्यांत लोकवस्ती सर्वांत दाट न्यू जर्सीची. त्या राज्यातल्या एकवीसही जिल्ह्यांत अस्वल दिसल्याची नोंद आहे आणि वायव्येकडच्या ससेक्स, वॉरन, पसेइक, मॉरिस या डोंगराळ जिल्ह्यांत तर ते कायमचं राहतं.

हे नेहमीच असं नव्हतं. शेतीसाठी जंगल तुटलं तेव्हा अस्वलंही संपत आली. 1971मध्ये सरकारने शिकार बंद केली. पुढे डोंगरातली शेतं ओस पडली, तिथे ओक आणि बीच पुन्हा वाढले, शेजारच्या पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कमधूनही अस्वलं आली. त्याच काळात शहरातली माणसं त्याच डोंगरांत घरं बांधायला निघाली. जंगल आणि वस्ती एकाच वेळी वाढली. या प्रश्नाचं मूळ इथे आहे, एकट्या अस्वलात नाही.

2003मध्ये, तीन दशकांहून जास्त काळाने, शिकार पुन्हा सुरू झाली. मग बंद, मग 2005मध्ये सुरू, पुन्हा बंद, मग 2010पासून 2020पर्यंत दरवर्षी. गव्हर्नर फिल मर्फी यांनी 2018मध्ये सरकारी जमिनींवर ती थांबवली. 2021 साली ती कुठेच झाली नाही. 2022च्या पहिल्या दहा महिन्यांत अस्वलांच्या तक्रारी आणि नोंदी आदल्या वर्षाच्या तिपटीहून जास्त झाल्या, तेव्हा मर्फींनीच आपला आदेश मागे घेतला आणि डिसेंबरात शिकार झाली. मतदारांचं मन हेलकावे खात होतं आणि दोन्ही बाजूंना मनापासून बोलणारी माणसं होती, हे मी जवळून पाहिलं आहे.

अशा ठिकाणी नव्याने शिकारीला निघणाऱ्याने सुरुवात कुठून करायची? बंदुकीपासून नव्हे. आधी शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. धनुष्यबाण, शॉटगन आणि ठासणीची बंदूक यांचं शिक्षण वेगवेगळं, आणि प्रत्येकाची मैदानावर परीक्षा. बंदूक विकत घेण्यासाठी स्थानिक पोलिसांकडून ओळखपत्र घ्यायचं, त्यासाठी बोटांचे ठसे द्यायचे. मग शिकारीचा परवाना, आणि त्यावर अस्वलाचा स्वतंत्र परवाना, तोही ठरावीक विभागापुरताच. त्याची किंमत अगदी किरकोळ, दोन डॉलर. खरी किंमत नंतर मोजावी लागते, जमीन ओळखण्यात.

तिथे अस्वलासाठी लांब पल्ल्याची आधुनिक रायफल चालत नाही, हे ऐकून आपल्याकडच्या लोकांना आश्चर्य वाटतं. शॉटगनमधून एकच जड गोळी सोडायची, तिला स्लग म्हणतात. नाहीतर ठासणीची बंदूक, नाहीतर धनुष्य. रायफलची गोळी चुकली तर ती पुढच्या टेकडीपलीकडच्या घरापर्यंत जाऊ शकते. स्लगचा जोर त्यामानाने लवकर ओसरतो. तरी तेवढ्यावर विसंबायचं नसतं. माणसं राहतात अशा घरापासून 450 फुटांच्या आत बंदूक घेऊन शिकार करता येत नाही, त्या घरमालकाची लेखी परवानगी खिशात असेल तरच अपवाद. धनुष्याला ही मर्यादा 150 फुटांची आहे, पण शाळेच्या मैदानाजवळ तिथेही 450 फूटच. हे अंतर नकाशावर आखता येतं. पानगळ झालेल्या झाडीत उभं राहिल्यावर मात्र घर कुठे आणि रस्ता कुठे याचा अंदाज भल्याभल्यांचा चुकतो. म्हणून जाणता शिकारी मचाणावर बसतो. वरून खाली मारलेली गोळी अस्वलाला लागो न लागो, शेवटी मातीत जाते. ज्या दिशेला मागे माती नाही, ती दिशा त्याच्यासाठी बंदच असते.

माझं ठाम मत आहे की नवख्याने पहिल्या पानगळीत बंदूक घरी ठेवून जंगलात जावं. अस्वलाचा हा काळ भुकेचा असतो. हिवाळ्यासाठी चरबी साठवायला ते दिवसाला वीस हजार कॅलरीपर्यंत खातं. ओकची फळं कुठे जास्त पडली आहेत ते पाहावं. बीचच्या गुळगुळीत, राखाडी सालीवर चढताना उमटलेल्या नख्यांच्या खुणा वर्षानुवर्षं टिकतात, त्या शोधाव्यात. मक्याच्या शेताचा कोपरा तुडवलेला असेल, पायवाटेवर फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा असेल. दलदलीभोवतीच्या दाट झुडपांत अस्वल दिवसा पडून राहतं. हे सगळं वाचता आलं की मग वस्तीकडून ते कोणत्या वाटेने येतं आणि कुठे वळतं हेही समजू लागतं.

शिकारीचे दिवस दोन वेळा येतात. ऑक्टोबरात सहा दिवस, पहिले तीन फक्त धनुष्याचे, पुढच्या तीन दिवसांत ठासणीच्या बंदुकीलाही मुभा. मग डिसेंबरात शॉटगनचा हंगाम. ऑक्टोबरचा हंगाम 2016मध्ये आला, कारण डिसेंबर उजाडेपर्यंत बरीच अस्वलं गुहेत शिरलेली असतात, गाभण माद्या तर सर्वांत आधी. रविवारी बंदुकीने शिकार होत नाही, त्यामुळे तो दिवस जंगलात फिरायला येणाऱ्यांचा.

आता सर्वांत अवघड भाग. 75 पौंडांहून, म्हणजे सुमारे 34 किलोंहून, लहान पिल्लू मारायचं नाही आणि अशा पिल्लांबरोबर असलेलं मोठं अस्वलही मारायचं नाही, असा नियम 2022पासून आहे. पहाटेच्या अर्धवट उजेडात वजन कसं ओळखायचं? कान पाहायचे. लहान अस्वलाचे कान डोक्याच्या मानाने मोठे आणि उभे दिसतात, मोठ्याचे कान रुंद डोक्याच्या दोन बाजूंना छोटेसे वाटतात. त्यानंतरही थांबायचं, कारण मादी बहुतेक वेळा पुढे असते आणि पिल्लं मागच्या झुडपात. जो शिकारी थांबू शकत नाही, त्याने वस्तीजवळ शिकार करू नये. माझ्या मते हीच खरी पात्रता आहे आणि ती कोणत्याही परीक्षेत तपासली जात नाही.

अस्वल आडवं उभं असेल आणि पुढचा पाय पुढे टाकलेला असेल, तेव्हा खांद्यामागे गोळी मारायची. डोक्याकडून किंवा मागून नाही. त्याची चरबी आणि दाट केस रक्त शोषून घेतात, त्यामुळे जखमी अस्वलाचा माग हरणासारखा सोपा नसतो. दिवस मावळताना मारलेलं, नीट न लागलेलं अस्वल अंधारात कुणाच्या तरी अंगणाच्या दिशेने जातं. याहून मोठा गुन्हा वस्तीलगतचा शिकारी करू शकत नाही. अस्वल दुसऱ्याच्या जमिनीत गेलं तर तिथे शिरण्याआधीही विचारावं लागतं.

शिकार झाली की त्याच दिवशी ती तपासणी केंद्रावर न्यायची. तिथे जीवशास्त्रज्ञ वजन घेतात, वय कळावं म्हणून एक छोटा दात काढतात, कानात सरकारी बिल्ला आहे का ते पाहतात. त्या बिल्ल्यांवरून किती टक्के अस्वलं मारली गेली याचा हिशेब लागतो. प्रमाण 30 टक्क्यांवर गेलं की हंगाम आटोपता घेतात. मांस वाया घालवणं मला पाप वाटतं. चरबीच्या जाड थरामुळे आतली ऊब निघत नाही आणि मांस लवकर बिघडतं, म्हणून कातडं ताबडतोब उतरवून ते थंड करावं लागतं. शिजवताना कच्चेपणा अजिबात नको, 71 अंश सेल्सिअसपर्यंत आतून तापलंच पाहिजे. त्यात ट्रायकिनेला नावाचे कृमी असू शकतात आणि थंडीच्या प्रदेशातल्या काही जाती गोठवूनही मरत नाहीत.

विरोध करणाऱ्यांबद्दल मी आदराने बोलेन. पेडल्स नावाचं, पुढचे पाय अधू असल्यामुळे दोन पायांवर चालणारं एक अस्वल होतं. ते 2016च्या हंगामात मारलं गेलं असं मानलं जातं, आणि तेव्हा हजारो लोक खरोखर हळहळले. विरोधकांचं म्हणणं असं की अस्वलाला वस्तीत कचरा बोलावतो, बंदूक तो प्रश्न सोडवत नाही. ते खरं आहे. जंगलात खोल मारलेलं अस्वल हे डबे उलथणारं अस्वल असतंच असं नाही. अस्वलाला खाऊ घालणं तिथे कायद्याने गुन्हा आहे, पण उघडा डबाही खाऊच घालतो. तरीही संख्या वाढत गेली तर नुसत्या डब्यांनी भागत नाही, हेही मी तितक्याच प्रामाणिकपणे सांगतो. 2014मध्ये वेस्ट मिलफर्डच्या जंगलात अस्वलाच्या हल्ल्यात एका तरुण पदयात्रीचा जीव गेला. त्या राज्याच्या नोंदीतला तो पहिला असा मृत्यू.

आपल्याकडच्या अस्वलाला यातलं काही लागू करू नका. बुलढाणा, चंद्रपूर, गडचिरोलीचं अस्वल ही वेगळी जात. 1972च्या कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं.

पण तिकडे तुमची कुणी मंडळी राहत असतील, तर त्यांना तीन गोष्टी जरूर कळवा. वसंतापासून हिवाळ्यापर्यंत पक्ष्यांच्या दाण्याची भांडी अंगणात टांगू नयेत आणि कचऱ्याचा डबा रात्री नव्हे, गाडी येईल त्या सकाळीच बाहेर ठेवावा. आणि एखादा शिकारी दार वाजवून मागच्या जमिनीसाठी परवानगी मागू लागला, तर त्याला विचारावं की तू कुठे बसणार, गोळी कोणत्या बाजूला सोडणार, तिच्या मागे काय आहे, आणि अस्वल जखमी झालं तर कुठवर, कुणाला विचारून माग काढणार. ही उत्तरं त्याला उभ्या उभ्या देता आली तर परवानगी द्यावी, लेखी. अडखळला तर नाही म्हणावं आणि पुढच्या वर्षी ये म्हणावं.